फरिश्त्यांनी अर्धवट सोडलेलं काम

अयान झाला तेव्हा त्याला सगळ्यांत आधी नीट पाहिलं ते माझ्या सासूबाईंनी. मी अजून धड शुद्धीत नव्हते. त्यांनी दुपटं उघडलं, पाहिलं आणि तिथल्या सगळ्या बायकांसमोर मोठ्याने अल्लाहचे आभार मानायला लागल्या. त्यांच्या मते मुलाची सुंता पोटातच होऊन आली होती.

आमच्यात मुलाची सुंता करावीच लागते. पण कधीमधी एखादं मूल जन्मतःच पुढची कातडी मागे सरलेलं, अर्धं उघडं असं येतं. अशा मुलाची सुंता फरिश्ते, म्हणजे देवदूत, करून जातात असं आमच्याकडच्या मोठ्या बायका मानतात. ते मूल नशिबाचं समजतात. बाळंतपण करणाऱ्या सिस्टर मात्र अयानला पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, याची लघवीची जागा बराबर न्हाई वाटत. एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून घ्या."

अम्मी हसल्या. (सासूबाईंना मी अम्मीच म्हणते.) "सिस्टर, तुमच्यात हे राहत न्हाई. तुम्हाला काय कळणार?"

मीही हसले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळा दोष अम्मींच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं मला फार सोपं गेलं.

भोकरदनला आमच्या गल्लीत त्यांनी दोनदा पेढे वाटले. एकदा नातू झाला म्हणून आणि एकदा तो असा झाला म्हणून. बायका बघायला यायच्या. शेजारच्या एका गरोदर सुनेच्या मांडीवर अयानला मुद्दाम ठेवलं, तिलाही मुलगा व्हावा म्हणून. अम्मी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या घरी फरिश्ते येऊन गेल्ते." मी आत मशीनवर ब्लाउज शिवत ते ऐकायचे आणि मला फार बरं वाटायचं.

घरात आम्ही उर्दू बोलतो. पण मी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात मराठीकडेच वळतो. घरातलं बोलणंही इथे मराठीतच लिहिलं आहे.

*

पहिली साडेतीन वर्षं तशीच गेली. त्या दिवसांची मला अजून ओढ लागते. आपण चुकत होतो हे कळूनही ते दिवस परत यावेत असं वाटतं. मुलाच्या अंगाला हात लावताना मनात काहीच नसायचं. त्याला न्हाऊ घालायचे, पावडर लावायचे आणि गाणं म्हणत कपडे चढवायचे. नंतर कपडे बदलताना मी गाणं म्हणेनाशी झाले.

अयान उभा राहून लघवी करायला लागला तेव्हा त्याच्या टाचा भिजायच्या. धार पुढे जायच्या ऐवजी खाली आणि मागे जायची. चपला रोज धुवाव्या लागायच्या. मी ओरडायचे, "नीट उभा राह ना, किती वेंधळा आहेस!" मग तो आपणहून बसायला लागला. बसलं की आई ओरडत नाही, एवढं त्याला कळलं होतं.

अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारे डॉक्टर आले होते. एक तरुण बाई होत्या. त्यांनी अयानला पडद्यामागे नेलं आणि मलाही आत बोलावलं.

"ताई, याच्या लघवीचं छिद्र टोकाला नाहीये. खालच्या बाजूला आहे. जन्मापासूनच असतं असं काही मुलांना. ऑपरेशनने नीट होतं."

मी म्हणाले, "अहो मॅडम, याची सुंता झालेली आहे. जन्मतःच."

त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना आजही दुवा देते. त्यांनी अयानचा शर्ट जरा वर धरला आणि म्हणाल्या, "वरची कातडी बघा किती जास्त आहे. आणि खाली बघा, काहीच नाही. सुंता झाली असती तर वरची एवढी राहिली असती का?"

मी शिवणकाम करणारी बाई. कुणाच्या ब्लाउजची बाही बोटभर आखूड असली तरी मला रस्त्यावरून जाताना दिसते. आणि पोटच्या पोराचं एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, हे मला साडेतीन वर्षांत दिसलं नव्हतं.

घरी आले तेव्हा अम्मी सुपात डाळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जरा लागेल असंच सांगितलं. "फरिश्ते-बिरिश्ते कोणी आलं नव्हतं, अम्मी. आजार आहे हा."

त्यांनी डाळीतले दोन-तीन खडे काढले. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मंग मी पेढे कशाचे वाटले?"

त्या दिवसापासून त्या दारात बसायच्या बंद झाल्या.

*

जालन्याच्या एका दवाखान्यात मुलांचे सर्जन दर गुरुवारी येतात असं कळलं. माझे मिस्टर जालन्यालाच सळईच्या कारखान्यात कामाला आहेत, सुट्टीला घरी येतात. ते कारखान्यातून परस्पर आले, मी अयानला घेऊन एसटीने गेले. डॉक्टर वयस्कर होते, घाईतले नव्हते. त्यांनी कागदावर पेनाने चित्र काढून दाखवलं.

"ही वर जी जास्तीची कातडी आहे ना, तेच आमचं कापड. त्यातून आम्ही नवी वाट झाकतो. दुसरीकडून कातडी आणली तर तशी बसत नाही. म्हणून ही जपायची. ऑपरेशन होईपर्यंत याची सुंता अजिबात करायची नाही."

मी म्हणाले, "आम्ही कपड्यात शिवणीला जास्तीची माया ठेवतो, तसं."

"अगदी तसंच. आणि ऑपरेशन झालं की सुंता झाल्यासारखंच दिसेल. वेगळी करायची गरज राहणार नाही."

हे शेवटचं वाक्य घरी जाऊन अम्मींना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांचे दोन महिने सुखाचे गेले असते. पण आमचं बोलणं तेव्हा मीठमिरचीपुरतं उरलं होतं. मिस्टरांना वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं ते सांगतील. खरं तर मला सांगायचंच नव्हतं. अम्मींनी सिस्टरला दिलेलं उत्तर मी मनात धरून बसले होते, आणि आपणही तेव्हा हसलो होतो हे सोयीस्कर विसरले होते.

*

त्याच सुमारास माझ्या नणंदेच्या, रुबीनाच्या मुलाची सुंता ठरली. कार्यक्रम आमच्याच घरी होता. नेमकं त्याच दिवशी मला जालन्याला अयानचे रिपोर्ट दाखवून ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. अम्मी म्हणाल्या, "पोराला कशाला उन्हात फिरवते? राहू दे इथंच, पोरं आलेली हाईत खेळायला." किती दिवसांनी त्या माझ्याशी इतकं बोलल्या होत्या. मी आनंदाने अयानला ठेवून गेले.

तारीख मिळाली. परत येताना राजूर मागे पडलं आणि रुबीनाचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"भाभी, अम्मी अयानलाबी बसवून राह्यली."

"कुठं बसवून राह्यली?"

"सुंतेला. नवे कपडे घातले, हार घातला. म्हणती, फरिश्त्यांनी केली न्हाई तर मंग ती राहूनच गेली ना. खलिफा आल्ते मघाशीच. तू जल्दी ये."

खलिफा म्हणजे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सुंता करणारे. मी ओरडले, "थांबव त्यांना! हात लावू देऊ नको!" पण तिच्याकडून खरखर आली आणि फोन कटला. पुन्हा लावला तर रेंज नाही. अम्मींचा फोन वाजून वाजून बंद होत होता. मिस्टरांना लावला तर ते कारखान्यात, त्यांचा फोन बाहेर लॉकरमध्ये.

राजूरपासून भोकरदनपर्यंतचा तो रस्ता मला विसरता येणार नाही. बाहेर कपाशी होती, बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती. एका म्हाताऱ्याला उतरायला वेळ लागला तर मी कंडक्टरवर खेकसले. डोळ्यांसमोर फक्त डॉक्टरांचा तो कागद होता. पुन्हा न मिळणारं कापड होतं ते, आणि ते कापलं जाणार होतं माझ्या न बोलण्यामुळे.

स्टँडवरून घरापर्यंत मी पळत गेले. डोक्यावरची ओढणी कुठे पडली ते कळलं नाही. दारात मांडव होता, आत बायकांचं हसणं चाललं होतं. अयान पाटावर बसून बालुशाही खात होता. गळ्यात हार, अंगात सोनेरी बटणांचा अंगरखा. मी त्याला उचललं, तशी त्याची बालुशाही पडली आणि तो रडायला लागला. मी भीत भीत त्याच्या चड्डीकडे पाहिलं. चड्डी कोरडी होती, डाग नव्हता.

खाटेवर पांढऱ्या दाढीचे खलिफा चहा पीत बसले होते. मला बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"घाबरू नको बेटी. मी हात लावला न्हाई."

मी अयानला घट्ट धरून तिथेच उभी राहिले.

"माझ्या वस्तादांनी मला बजावून ठेवल्तं," ते म्हणाले. "वाट खाली असलेलं पोरगं समोर आलं तर वस्तरा पिशवीतून काढायचाच न्हाई. सरळ डॉक्टरकडं पाठवायचं. आमच्या कामात आधी बघायचं राहतं, मंग कापायचं."

ज्यांच्याशी भांडायला मी पळत आले होते, त्यांच्यासमोर मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. त्यांनी रुबीनाला माझ्यासाठी पाणी आणायला लावलं.

अम्मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून बसल्या होत्या. मी आत गेले तशा म्हणाल्या, "मला बोल दुल्हन, काय बोलायचं ते बोल." मला खूप बोलायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी फक्त डॉक्टरांचं ते वाक्य सांगितलं, दोन महिने उशिराने. ऑपरेशनमध्ये सुंतापण होऊन जाणार आहे.

"हे तू मला आधी कामून न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं. 

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी ठेवलेला अयान पाणी मागून मागून थकला. त्याला आत नेलं तेव्हा तो मला हाक मारत होता आणि दार बंद झाल्यावरही ती हाक येत राहिली. मिस्टर जिन्याजवळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

नंतरच्या दिवसांबद्दल ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांच्यासाठी लिहिते. मुलाला लघवीची नळी असते. ती त्याने ओढू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. पट्टीला पांघरूण लागू नये म्हणून आम्ही बिस्किटांच्या खोक्याच्या दोन बाजू कापून त्याचा बोगदा केला आणि त्यावर चादर टाकली. अधूनमधून पोटात कळ येते, मूल धनुष्यासारखं अंग ताणतं, आणि आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं. सिस्टर सांगतात, हे होतंच. पण आपलं मूल कळवळत असताना "हे होतंच" पुरत नाही.

मी आधीच मोकळे फ्रॉक शिवून नेले होते, पँट चालत नाही म्हणून. अयानने फ्रॉक पाहून तोंड फिरवलं. "मी काय पोरगी हाय का?" मग बाजूच्या रिकाम्या खाटेवर बसून हाताने टाके घालत मी फ्रॉकचे कुडते केले. त्याला सांगितलं, पप्पांचा जुम्म्याच्या नमाजेचा कुडता आहे तसाच. तेव्हा घातला.

शेजारच्या खाटेवर अंबडकडच्या एका खेड्यातल्या मंदाताई होत्या. त्यांच्या मुलाचंही हेच ऑपरेशन होतं, तो सात वर्षांचा होता. त्या भाकरी आणि लसणाची चटणी मला न विचारता वाढायच्या. एकदा म्हणाल्या, "आमच्या गावात कोणालाच ठावं न्हाई. मुतखडा झाला म्हणून सांगून आलो. त्याच्या आजीला बी तेच सांगितलं."

"सात वर्षं लपवलं?"

"मंग काय करता? उद्या पोरगी कोण देईल? शाळेत बी तो मास्तरला विचारून एकटाच जायचा. पोरं गेली की मंग."

मी त्यांना आमच्या पेढ्यांची गोष्ट सांगितली. त्या आधी बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की पदर तोंडात घालावा लागला. मलाही हसू आलं. शेवटी मंदाताई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या पोराचं कौतुक तरी झालं बाई. माझ्याला जन्मल्यापासून कोणाला दाखवलंच न्हाई मी." त्या दिवशी पहिल्यांदा मला अम्मींचा राग येईना.

अयान तीन दिवस एकच विचारत होता, "दादी कुठंय?" अम्मी आल्या नव्हत्या. मी बोलावलं नव्हतं. तो कळवळायला लागला की मलाही त्यांची आठवण यायची. त्यांचे खरबरीत हात आठवायचे, त्यांचं गुणगुणणं आठवायचं. भांडायला का होईना, त्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला असाव्यात असं वाटायचं. चौथ्या दिवशी मी फोन केला. "अम्मी, या ना."

त्या पहिल्या एसटीने आल्या. नातवाचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसल्या आणि जेवायलासुद्धा सोडेनात. नळी निघेपर्यंत त्याचे हात त्यांनीच सांभाळले.

*

नळी निघाली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: धार बघत राहा. कुठून येते, सरळ येते का, एकच आहे की दोन, ते मला सांगा. तेव्हापासून माझं दिवसाचं काम तेच झालं. अयान मोरीत गेला की मीही मागे. आधी एकच, बारीक, सरळ धार होती. अम्मी दारातून विचारायच्या, "बराबर?" मी म्हणायचे, "बराबर."

बाराव्या दिवशी धारेच्या मागे, जुन्या जागेच्या जवळ, एक थेंब दिसला. मी स्वतःला सांगितलं, सांडलेलं पाणी आहे. दुसऱ्या दिवशी दोन थेंब. तिसऱ्या दिवशी बारीक दुसरी धार. अम्मींनी दारातून विचारलं आणि मी मोरीत पाणी ओतत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "टाक्याजवळ एक बारीक भोक राहिलंय. होतं काही मुलांना. बाकी काम चांगलं झालंय. सहा महिने थांबू, कातडी मऊ होऊ दे. मग तेवढंच बंद करू."

ते सहा महिने ऑपरेशनपेक्षा जड गेले. मला दुसऱ्यांच्या मुलांचा हेवा वाटायला लागला. बाजारात, स्टँडमागे, कुंपणाशी कुणाचंही पोरगं बिनधास्त उभं दिसलं की माझे पाय थबकायचे. असल्या गोष्टीचा कुणी हेवा करतं का? मी करत होते. मला मुलगा डॉक्टर व्हावा, साहेब व्हावा असं काहीच नको होतं. त्याने एकदा, घाईघाईत, टाचा कोरड्या ठेवून यावं आणि खेळायला पळावं, एवढंच हवं होतं. नमाजेत मी दुसरं काही मागितलं नाही.

दुसरं ऑपरेशन छोटं होतं. या वेळी अम्मी आमच्याबरोबरच आल्या, आणि आत जाताना अयान रडला नाही. नळी निघाली आणि माझं बघणं पुन्हा सुरू झालं. रोज मी वाकून मोजायचे. एक. एक. आजही एक. बारावा दिवस गेला, तेरावा गेला. तरी मला खात्री वाटेना. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं होतं. म्हणाले होते, तोपर्यंत एक राहिली तर समजा काम झालं.

महिना भरला त्या दिवशी सकाळी जालन्याला निघायचं होतं. मिस्टर सुट्टी काढून आले होते. अयान आता पाच वर्षांचा आहे, शाळेत जायला लागला आहे. तो मोरीकडे गेला आणि सवयीने मीही मागे गेले. तो दारात वळला आणि माझ्या पोटाला दोन्ही हात लावून त्याने मला मागे ढकललं.

"तू जा."

"अरे, डॉक्टरांना सांगायचंय ना. मला बघू दे."

"न्हाई. मी मोठा झालो. तू बाहेर थांब."

त्याने दार लावलं. कडीला हात पुरत नव्हता, टाचा उंच करून त्याने ती लावल्याचा आवाज आला. मी दाराशी उभी राहिले. पाठीमागे अम्मी येऊन उभ्या राहिल्या. आतून आवाज आला. एकसारखा, जोराचा, मोरीच्या पार समोरच्या भिंतीवर.

"अयान, एकच आहे का रे?" मी दाराला तोंड लावून विचारलं.

"एकच हाय! जा ना तू!"

दीड वर्ष जे बघायला मी तळमळत होते, ते तीन हातांवर, दाराच्या पलीकडे चाललं होतं. आणि ते मला आता कधीच बघायला मिळणार नव्हतं. अम्मींनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी तिथून बाजूला झालो.